दोऱ्यातला हत्ती आणि दगडातला मकर

चित्रकाराला घोडा काढ म्हटले तर त्याची फारशी अडचण होत नाही. घोडा त्याने पाहिलेला असतो. न पाहिला असला तर जाऊन पाहता येतो. पण मकर कोणी पाहिला आहे? शरभ कोणत्या रानात चरताना दिसला? दोन तोंडांचा गंडभेरुंड कोणत्या झाडावर बसला होता? कोणीच पाहिले नाही, आणि तरी ही मंडळी आपल्या देवळांच्या चौकटींवर आणि गडांच्या दरवाजांवर शतकानुशतके सुखाने बसली आहेत. त्यांना पाहून आपण "हे काय?" असे विचारीत नाही. खऱ्या जनावराइतकीच ती आपल्याला खरी वाटतात.

कर्नाटकात तर या अदृश्य प्राण्यांची रोजचीच गाठ. सरकारी कागद हाती आला की त्यावरील राज्यमुद्रेत मधोमध गंडभेरुंड असतो आणि दोन्ही बाजूंस सिंहाच्या अंगाचे, हत्तीच्या सोंडेचे शरभ उभे असतात. हा गंडभेरुंड काही अलीकडचा नव्हे. शिवमोग्गा जिल्ह्यात बळ्ळिगावी येथे त्याचा जो स्तंभ आहे तो इ. स. 1047 मधला. म्हणजे जवळजवळ हजार वर्षे एक कधी नसलेला पक्षी या प्रदेशात नांदतो आहे, आणि त्याची ओळख पुसली गेलेली नाही.

हे कसे साधते? कलावंत अशी जनावरे आणतो कोठून, आणि ती उभी करतो कशी? धारवाडात राहून मला या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांच्या आधी कसुती भरणाऱ्या बायकांच्या हातांत सापडले. मी गाणे शिकविणारा माणूस. चित्रकलेचा अधिकारी नव्हे. पण बंधन पाळून मोकळे कसे व्हावे हा आमच्या धंद्यातलाही रोजचा प्रश्न आहे, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

चंद्रकळेवरचा हत्ती

कोल्हापूर, सांगली, मिरजेकडील जुन्या घरांतून इरकली लुगडे आणि गुळेदगुड्डचा खण यांची ओळख करून द्यावी लागत नाही. आजीच्या पेटीत लाल टोपपदराचे एखादे तरी इरकली अजून घडी घालून ठेवलेले असते. त्यातले एखादे काळेभोर असेल आणि त्याच्या अंगभर व पदराजवळ बारीक रंगीत टाक्यांनी हत्ती, मोर, राघू, रथ, पालखी, तुळशीवृंदावन भरलेले असेल, तर ती कसुती. कानडीत 'कै' म्हणजे हात आणि 'सूत' तर आपलेच. हाताने सुताचे काम ते कसुती, अशी या शब्दाची फोड सांगतात. हुबळी–धारवाड आणि भोवतालचा मुलूख हे तिचे माहेर. तिचे मूळ चालुक्यांच्या काळापर्यंत नेले जाते. लग्नाच्या रुखवतात काळ्या रेशमाची, कसुती भरलेली चंद्रकळा असणे हा इकडील घरंदाजपणाचा भाग होता. आपल्याकडे चंद्रकळा म्हटली की संक्रांत आठवते. इकडे ती म्हटली की तिच्यावरचे हत्ती आठवतात.

कसुतीतल्या प्राण्यांची यादी पाहण्यासारखी आहे. अंबारीचा हत्ती हा मानाचा. त्याच्या मागोमाग मोर, राघू, हंस, नंदी, घोडा, हरीण. भरणाऱ्या बाईने हे प्राणी कोठे पाहिले? राघू परसातल्या पेरूवर. मोर शेताच्या बांधावर. नंदी देवळात आणि बैल दारात. हत्ती मठाच्या किंवा देवस्थानाच्या उत्सवात, वर्षातून एखाद्या वेळी, गर्दीतून टाचा उंचावून पाहिलेला. हंस तर बहुधा पाहिलेलाच नाही. तो गाण्यांतून आणि कथांतून आलेला. पाहिलेले, ओझरते पाहिलेले आणि केवळ ऐकलेले, हे तिन्ही प्रकार एकाच पदरावर शेजारी शेजारी बसतात, आणि टाक्यांकडे पाहून कोणता कोणत्या वर्गातला हे ओळखू येत नाही. यातच पुष्कळ काही आले.

आकृत्यांचा दुसरा उगम दारातल्या रांगोळीत आहे. ठिपके मांडून रेघा जोडण्याची सवय ज्या बोटांना लहानपणापासून आहे, त्या बोटांना कापडाचे उभे–आडवे धागे म्हणजे आयतेच मांडलेले ठिपके. पदराजवळ आकृती मोठी, आणि तेथून दूर जावे तशी लहान होत जाते. पदराजवळ हत्ती–रथ आणि पुढे अंगावर नुसती पाखरे, बुट्ट्या आणि चांदण्या, अशी ही मांडणी.

जाण्याची वाट, येण्याची वाट

आता तंत्राकडे वळू. कसुतीचे टाके चार. गावंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. गावंती हा दुहेरी धावदोरा. त्याने सरळ आणि तिरप्या रेघा काढतात. मुर्गी हा पायऱ्यापायऱ्यांनी, नागमोडी जाणारा. नेगी हा साधा धावदोराच, पण टाक्यांची लांबी अशी कमीजास्त घेतात की आकृती भरलेली न वाटता मागावर विणलेली वाटावी. कानडीत 'नेयि' म्हणजे विणणे. मेंथी हा फुलीचा टाका. मेथीच्या दाण्यासारखा ठसठशीत. मोठ्या आकृतीचे अंग भरून काढायला तो उपयोगी.

या चार टाक्यांत गोलाई नाही. सुई उभी जाईल, आडवी जाईल, फार तर तिरपी जाईल. आणि काढायचा आहे हत्ती, ज्याच्या अंगावर सरळ रेघ औषधाला नाही! पाठ गोल, पोट गोल, गंडस्थळ गोल, सोंड तर वळणांचीच बनलेली. शिवाय पूर्वापार पद्धतीत धागे मोजूनच टाका घ्यायचा. फार तर कोळशाने अथवा पेन्सिलीने जागेची खूण करतात. काळ्या कापडावरचे काळे धागे मोजणे म्हणजे काय हे ज्याने एकदा करून पाहिले त्यालाच कळेल.

आमच्या गल्लीत एक वृद्ध बाई आहेत. सारी गल्ली त्यांना अक्का म्हणते. घर मराठी, पण कसुती त्या लहानपणी शेजारच्या कानडी बाईंकडे शिकल्या. त्यामुळे बोलणे मराठीत आणि मोजणे कानडीत! ओठांतल्या ओठांत "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु" चाललेले असते, आणि मध्येच मान वर करून त्या मराठीत चहाचे विचारतात. मोजणी मात्र चुकत नाही. त्यांच्याजवळ बसून मी एकदा हत्ती पायापासून सोंडेपर्यंत उभा राहताना पाहिला. "सोंडेकडून का नाही सुरुवात केली, अक्का?" असे विचारले तर म्हणाल्या, "मास्तर, पाय जमिनीवर बसल्याशिवाय सोंड उचलायची कशी? आधी पाय मोजून घ्यायचे. मग वरचं सगळं आपोआप जागेवर येतं बघा."

गावंतीचा टाका समजून घेतला म्हणजे या विद्येचे मर्म हाती येते. समजा, दहा घरांची एक रेघ काढायची आहे. जाताना सुई एक घर वरून, एक घर खालून अशी जाते. म्हणजे कापडाच्या तोंडावर पहिले, तिसरे, पाचवे, सातवे, नववे अशी घरे भरलेली दिसतात, मधली मोकळी. टोकाला पोचल्यावर सुई त्याच वाटेने परत फिरते आणि येताना मोकळी राहिलेली घरे भरीत येते. मूळ जागी परतली की रेघ पुरी झाली. तोंडावर पुरी आणि पाठीवरही पुरी. गाठ कोठेच मारायची नाही. म्हणून चांगल्या गावंतीच्या कामाला उलटी बाजू नसते.

सरळ रेघेत हे सोपे. पण मोराच्या डोक्यावर तुरा आहे, पायाला बोटे आहेत, पिसाऱ्याला फाटे आहेत. वाटेत फाटा फुटला की काय करायचे? फाट्याशी पोचल्यावर मूळ वाट तेथेच सोडायची, फाट्याच्या टोकापर्यंत जायचे, परत फाट्याच्या मुळाशी यायचे, आणि मग पुढची वाट धरायची. तुरा तीन घरांचा असेल तर जाताना तीन आणि येताना तीन, मिळून सहा. फाटा कितीही घरांचा असो, जाणे–येणे मिळून संख्या समच होणार. त्यामुळे मूळ वाटेवरचा वर–खाली असा क्रम बिघडत नाही. कागदावर हे वाचताना गणित वाटते. गणितच आहे. एकमेकींस जोडलेल्या रेघांची कोणतीही आकृती, प्रत्येक रेघेवरून दोनदा गेल्यास, मध्ये न तुटता एका फेरीत पुरी करून मूळ जागी परतता येते, हे या शास्त्राचे एक प्राथमिक सत्य आहे. त्या शास्त्राचा आरंभ ऑयलर या गणितज्ञाने 1736 साली केलेल्या सात पुलांच्या कोड्याच्या विचारातून झाला असे मानतात. अक्कांनी ऑयलरचे नाव ऐकलेले नाही. मोर मात्र त्यांचा प्रत्येक वेळी निघाल्या जागी परत येतो.

गाणाऱ्याला हे लगेच उमजावे. मुखडा सोडून तान घ्यायची, ती कितीही दूर गेली तरी मात्रांचा हिशेब मनात जागा ठेवायचा आणि समेवर यायचे. ऐकणाऱ्याला वाटते, गवई मोकाट सुटला होता. तो मोकाट सुटू शकला याचे कारण आतली मोजणी सुटलेली नव्हती. ज्याला समेची खात्री नाही तो तान घेताना भितो. कसुतीतला फाटा आणि ख्यालातली तान यांची शिस्त एकच.

हा दुहेरी धावदोरा जगात केवळ धारवाडात आहे असे मात्र नव्हे. युरोपात याला होल्बाइनचा टाका म्हणतात. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजदरबारात काम करणाऱ्या होल्बाइन या चित्रकाराने काढलेल्या तसबिरींत गळपट्ट्यांवर आणि मनगटपट्ट्यांवर असे भरतकाम दिसते, म्हणून त्याचे नाव टाक्याला मिळाले. तेथे टाका चित्रकाराच्या नावाने ओळखला जातो. इकडे तो ज्यांनी पिढ्यानपिढ्या घातला त्यांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत.

ओळखीची एक खूण

गोलाई न काढता गोल प्राणी काढायचा तर काय टाकावे आणि काय ठेवावे याचा विचार करावाच लागतो. कसुतीतले प्राणी नीट पाहिले तर ध्यानात येते की बहुतेक सारे एका अंगाने दाखविलेले आहेत. समोरून हत्ती काढला तर सोंड आणि पाय यांचा गोंधळ होईल. बाजूने काढला तर सोंड मोकळी राहते. आणि सोंड मोकळी राहिली की बाकीचा हत्ती पेटीसारखा चौकोनी असला तरी चालतो! राघवाची ओळख वाकड्या चोचीत. मोराची तुऱ्यात आणि पिसाऱ्यात. नंदीची वशिंडात. हरणाची शिंगांत. एका प्राण्याची एक खूण नेमकी पकडायची आणि ती धाग्याच्या हिशेबात जपायची. बाकीच्याशी तडजोड करायला हरकत नाही.

हे शहाणपण नुसत्या निरीक्षणाने येत नाही. पुष्कळ पाहिल्यावर त्यातले पुष्कळसे विसरायची तयारी लागते. हत्तीच्या कानाच्या कडा, कातडीच्या सुरकुत्या, पायाची नखे हे सारे बाईने पाहिलेले असते. पदरावर ते येत नाही. राग उभा करायला सगळे स्वर सारख्याच वजनाने लावून भागत नाही. ज्या संगतीने राग ओळखू येतो ती आधी पक्की करावी लागते. तसेच हे.

समोरासमोर तोंडे केलेली मोरांची किंवा राघूंची जोडी आणि मध्ये दिवा अथवा वृंदावन, ही मांडणी फार आवडीची आहे. तिचे कारण सौंदर्याचे तसेच सोयीचेही आहे. एक मोर मोजून झाला की दुसरा उलट्या क्रमाने तोच. मोजणी पाठ असली म्हणजे हात चुकत नाही. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या प्रसिद्ध जमखान्यावरही मोर असेच उभे–आडव्या धाग्यांत बसलेले दिसतात. माग वेगळा, हात वेगळे; पण चौकटीत जनावर बसवायचे म्हटले की उत्तरे जवळजवळ सारखीच निघतात.

मऊ दगडातील जनावरे

दोऱ्याच्या कामात प्राणी सोपा होत जातो. दगडाच्या कामात तो उलट गुंतागुंतीचा होत गेला, आणि तोही याच मुलखात. हुबळीजवळच्या उणकल येथील चंद्रमौळेश्वर, धारवाड जिल्ह्यातील अण्णिगेरीचा अमृतेश्वर, गदगजवळच्या लक्कुंडीचा काशीविश्वेश्वर ही कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील देवळे. बदामी, ऐहोळे, पट्टदकल येथील आधीची कामे वालुकाश्मातली. पुढे अकराव्या शतकात कारागिरांनी काळसर, मऊ असा शंखजिऱ्याच्या जातीचा दगड हाती घेतला. हेन्री कझन्स या संशोधकाने 1926 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या प्रदेशातील चालुक्य देवळांचा तपशीलवार अभ्यास मांडला; या दगडात बांधलेले पहिले देऊळ म्हणून त्याने अण्णिगेरीच्या अमृतेश्वराकडे बोट दाखविले.

या दगडाने काय घडविले? वालुकाश्म रवाळ, फार बारीक कोरायला गेले तर कण सुटतात. मऊ दगडात छिन्नी सुतासारखी चालते. मोत्यांची माळ, पानाची शीर, जनावराच्या आयाळीचा केस आणि केस त्यात उठविता येतो. मग कोरणाऱ्याच्या कल्पनेलाही बारकावे सुचू लागले. मकराच्या शेपटीचा पिसारा झाला, पिसाऱ्याच्या वेली झाल्या, आणि वेलींतून पुन्हा लहान लहान जनावरे डोकावू लागली. साधन पालटले की कल्पनाही पालटते. तंबोऱ्याची जव्हारी नीट लागलेली असली तर गवयाला जे सुचते, ते बिघडलेल्या तंबोऱ्यावर सुचत नाही. त्यातलाच हा प्रकार.

मकराची घडण पाहू. सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, कान डुकराचे, पाय सिंहाचे, शेपूट मोराचे. काळाप्रमाणे आणि स्थळाप्रमाणे यातले एखादे अंग बदलते, पण रीत तीच. प्रत्येक अंग खऱ्या जनावराचे, आणि साऱ्यांची मिळून जी मूर्ती होते ती मात्र कोठेच नाही. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. ही अंगे नुसती एकापुढे एक चिकटविलेली नाहीत. सोंड जेथे जबड्याला मिळते तेथील स्नायू असा फुगविलेला असतो की ती सोंड खरोखरच त्या जबड्याने उचलली आहे असे वाटावे. मानेचा जोर पुढच्या पायांत उतरतो. शेपटीचे वजन पाठीने पेललेले असते. ज्या शिल्प्याने हत्तीला सोंड उचलताना नीट पाहिले नसेल, त्याला मकराची सोंड उचलता येणार नाही. खोटे जनावर खरे वाटायचे असेल तर त्यातले प्रत्येक अंग खरे असावे लागते.

दुसरे असे की या प्राण्यांना जागा नेमून दिलेल्या आहेत. तोरणाच्या दोन टोकांना मकर, आणि त्यांच्या मुखांतून निघालेली कमान जेथे मिळते त्या शिखरावर कीर्तिमुख. मकर पाण्याचा प्राणी, गंगेचे वाहन. म्हणून अभिषेकाचे तीर्थ बाहेर जाण्याच्या पन्हळीलाही त्याचेच मुख. व्याल खांबांवर आणि भिंतींवर. हत्ती मात्र खाली, भार वाहायला. आपल्या खिद्रापूरच्या कोपेश्वराचा गजथर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. सारे देऊळ त्या हत्तींच्या पाठीवर उभे आहे. खरा प्राणी भार वाहतो आणि कल्पनेतला प्राणी वर बसतो, ही वाटणी मला फार अर्थपूर्ण वाटते.

कीर्तिमुखाची कथा पुराणातली आहे. जालंधर दैत्याने पार्वतीची मागणी करण्यासाठी राहूला शंकराकडे धाडले. शंकराच्या कोपातून एक भयंकर सिंहमुखी गण प्रकटला आणि राहूला खायला धावला. राहू शरण आला, शंकराने त्याला सोडविले. "मग मी खाऊ काय?" असे त्या भुकेल्या गणाने विचारले. "स्वतःलाच खा," अशी आज्ञा झाली. त्याने हात खाल्ले, पाय खाल्ले, धड खाल्ले आणि मुख तेवढे उरले. प्रसन्न होऊन शंकराने त्याला कीर्तिमुख हे नाव दिले आणि आपल्या दारी बसविले. आपल्याकडील देवळांच्या उंबरठ्यावर तो दिसतो तो याच नात्याने. कोरणाऱ्याने या कथेचे काय केले पाहा. बटबटीत डोळे, फुगलेल्या नाकपुड्या, वरचे दात. आणि बहुतेक ठिकाणी खालचा जबडाच नाही. खाणारे तोंड खाता खाता तेथवर येऊन थांबले! सारी कथा त्याने एका वगळलेल्या जबड्यात सांगितली. कसुतीतल्या बाईने हत्तीची नखे वगळली, शिल्प्याने कीर्तिमुखाचा जबडा वगळला. काय सोडावे हे दोघांनाही कळले होते.

सोमेश्वराचा ग्रंथ

ही देवळे ज्या घराण्याच्या काळातली, त्याच घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. मराठी वाचकाला तो एका वेगळ्या कारणाने परिचित आहे. मराठीच्या आद्य नमुन्यांत त्यातील काही पंक्तींची गणना होते. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात हत्ती, घोडे, मासे, पाकक्रिया, गायन, वादन, नृत्य आणि चित्रकला असे राजाच्या आवडीचे सारे विषय आले आहेत. गाणाऱ्यांनी त्यातला संगीताचा भाग वाचावा आणि चित्रकारांनी चित्राचा, असा रिवाज पडला आहे. पण दोन्ही भाग एकाच लेखणीतून उतरले आहेत हे विसरू नये.

सोमेश्वर चित्राचे प्रकार सांगतो. आरशातल्या प्रतिबिंबासारखे हुबेहूब ते विद्ध. मनात जे उभे राहिले ते काढले तर अविद्ध. शृंगारादी भाव पाहताक्षणी प्रकट करणारे ते भावचित्र. ओल्या रंगांचे ते रसचित्र आणि रंगीत चूर्णांचे ते धूलिचित्र. म्हणजे आपली रांगोळीच. भिंत कशी तयार करावी, म्हशीचे कातडे शिजवून वज्रलेप कसा करावा, वासराच्या कानातल्या केसांचा कुंचला कसा बांधावा, हेही तो सांगतो. राजा असून त्याला कुंचल्याच्या केसांची माहिती आहे, यावरून त्याची रसिकता केवळ आश्रय देण्यापुरती नव्हती हे दिसते.

या वर्गवारीत विद्ध आणि अविद्ध शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. हुबेहूब काढणे आणि मनातले काढणे ही चित्रकाराच्या हाताची दोन कामे आहेत. ज्याला पहिले येत नाही त्याचे दुसरे लटके पडते, आणि ज्याला दुसरे सुचत नाही त्याचे पहिले आरशाच्या पलीकडे जात नाही. अण्णिगेरी–लक्कुंडीच्या शिल्प्यांनी हेच दगडात केले आणि कसुतीच्या बायकांनी तेच कापडावर केले.

पाठ पाहावी

आता थोडे आजच्या स्थितीविषयी. कसुतीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हुबळीत सरकारने कसुती केंद्र काढले, धारवाडच्या कृषी विद्यापीठातील गृहविज्ञानाच्या विभागाने तिच्या आकृत्यांचा अभ्यास केला. हे सारे चांगलेच आहे. पण बाजारात 'कसुती' या नावाने जे मोठ्या प्रमाणावर विकले जाते त्यातले पुष्कळसे यंत्रावर भरलेले असते, आणि काही तर नुसते छापलेले असते. लांबून पाहिले तर हत्ती तोच दिसतो. किंमत मात्र हाताच्या कामापुढे काहीच नाही, आणि गिऱ्हाईक किंमत पाहून जाते.

यंत्राला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ज्याला स्वस्तात नक्षी हवी त्याने ती जरूर घ्यावी. पण तेथे आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक असावे. यंत्राला दोन दोरे लागतात, एक वरचा आणि एक खालचा. म्हणून यंत्राच्या कामाला पाठ वेगळी असते. हाताच्या गावंतीला एकच दोरा. तो जातो आणि स्वतःच परत येतो. दुकानात कापड हाती घेतल्यावर प्रथम ते उलटे करून पाहावे. पाठीवरही तोंडासारखाच हत्ती असेल आणि गाठ कोठे दिसत नसेल, तर समजावे की कोणीतरी बाईने काळे धागे मोजून हे काम केले आहे. मेंथीने भरलेल्या भागाची पाठ थोडी निराळी असते, तेवढी सूट द्यावी.

यंत्रामुळे हत्ती नाहीसा होणार नाही. उलट हत्ती हजारांनी वाढतील. मात्र ते सारे एकाच हत्तीच्या नकला असतील. अक्कांकडे दहा–बारा आकृत्या आहेत. कागदावर एकही नाही. त्यांच्या मोराचा तुरा तीन घरांचा, त्यांना शिकविणाऱ्या बाईंचा चार घरांचा होता. "मला तीनच बरा दिसला," एवढेच त्या म्हणतात. एका घराचा हा फरक म्हणजेच परंपरा पुढे सरकणे होय. आमच्याकडे गुरूची बंदिश शिष्य जशीच्या तशी घेतो, आणि एक दिवस एका जागी त्याचा स्वर त्याच्या नकळत थोडा निराळा पडतो. तेथून त्याचे गाणे सुरू होते. मोजणी जोवर माणसाच्या मनात चालू आहे तोवर हे होत राहील. मोजणी यंत्राकडे गेली की तुरा कायमचा जेवढ्यास तेवढा राहील, आणि नवा प्राणी कोणाला सुचणार नाही. गंडभेरुंड काही आकाशातून पडला नाही. दोन पक्षी समोरासमोर काढता काढता कोणाच्या तरी हाताने ते जोडून पाहिले असतील, असे मला आपले वाटते.

अक्कांची नात बंगळूरला नोकरी करते. सुट्टीत आली की आजीजवळ बसून मुर्गीचे दोन–चार टाके घालते. डोळे दुखतात म्हणते आणि उठते. अक्का तिला आग्रह करीत नाहीत. "पोट भरत असेल तर मुली बसतील, मास्तर," त्या म्हणतात. "महिना महिना मान मोडून केलेल्या कामाला साडीच्या कापडाइतके तरी पैसे नकोत का?" या प्रश्नाला मानांकनाच्या शिक्क्याने उत्तर मिळत नाही. ते देणे गिऱ्हाइकाच्या हाती आहे. आपल्या जुन्या घरांतून लग्नकार्याला इरकली अजून घेतली जाते. वर्षातून एक लुगडे जरी हाताच्या कसुतीचे, पाठ पाहून आणि रास्त दाम देऊन घेतले गेले, तरी धारवाडच्या एखाद्या माजघरात कोणाची तरी मोजणी चालू राहील. आणि मोजणी चालू राहिली की पदराजवळ हत्ती पाय टेकून उभा राहील, मग आपोआप सोंड उचलील.